घाटरस्त्याच्या कडेला जास्त प्रकारची झाडं मिळाली, म्हणून रस्ता जंगलाच्या फायद्याचा?

सडेकर
काल एका पोस्टमध्ये वाचलं: "घाटरस्त्याच्या कडेला आतल्या रानापेक्षा जास्त प्रकारच्या वनस्पती मोजल्या, म्हणजे रस्त्यांमुळे जैवविविधता वाढते." मोजणी खरी असेल, निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

कडेला काय मोजलं? गाजर गवत, रानमोडी, टाकळा, घाणेरी, कॉसमॉस. ही यादी पुण्यातल्या कुठल्याही पडीक प्लॉटवर मिळते. डोंगरात मोजायची पद्धत ठरलेली आहे. रस्त्यालगत 50 मीटर लांब, 2 मीटर रुंद पट्टा घ्यायचा. त्याच्या मध्यापासून रस्त्याला काटकोनात तेवढेच दोन पट्टे एकापुढे एक, म्हणजे 100 मीटर आत जायचं. हेच पायथ्यापासून माथ्यापर्यंत 20 ठिकाणी. पोस्टकर्त्याने पहिल्या पट्ट्यातला आकडा पाहिला आणि थांबला.

उपरी, म्हणजे बाहेरून आलेली झाडं बहुतेक पायथ्याकडून रस्ता धरून वर चढतात. उंची वाढेल तशी गळत जातात, पण थंडी-ऊन दोन्ही सोसणारी चिवट जात माथा गाठतेच. वाट करून देतो आपण: मोकळं ऊन, उकरलेली माती, डांबरावरून कडेला येणारं जादा पाणी, आणि खालच्या खाणीतला बियांनी भरलेला मुरूम.

मोरी_नंबर_सात
म्हणजे रस्ते नकोतच का? बामणोलीकडच्या गावांतल्या बाळंतिणीला साताऱ्याला कसं न्यायचं, ते आधी सांगा. आणि अर्धीच बाजू मांडू नका. डोंगर कापून झालेल्या ओल्या कातळभिंतीवर तेरडा, बेगोनिया, सीतेची आसवं दाटीने येतात. ती उपरी आहेत का? घाणेरी तर बुलबुल पसरवतात, त्यांना रस्ता लागत नाही.

सडेकर
रस्ते नकोत असं कुठे लिहिलंय, ओळ दाखवा. कातळभिंतीचं मान्य, तिथे देशी झाडं खरंच येतात. उत्तर नॉर्वेच्या डोंगरांतही उंचावरची देशी झाडं रस्त्याच्या कडेने खाली उतरलेली आढळली आहेत. पण आपल्याकडे ही भिंत चढाच्या बाजूला असते. उताराच्या बाजूला मोरीचं (रस्त्याखालच्या नळीचं) पाणी जिथे सुटतं तिथे घळ पडते आणि तण त्या घळीने रानात शिरतं. तिथे उतरून मोजा.

रानहळद
साताऱ्याजवळच्या कास पठारावर तर त्याहून वाईट. सड्यावर, म्हणजे सपाट कातळमाथ्यावर, माती बोटभर, आम्ल आणि निकस. पाणी ओढ्याने नाही, पसरून वाहतं. रस्त्याचा भराव वीतभर उचलला तरी एका अंगाला डबकं, दुसऱ्या अंगाला कोरडं. गेंद आणि सीतेची आसवं त्या पातळ पाण्यावरच जगतात. त्यात काँक्रीटच्या गटाराचं चुन्याचं पाणी आलं की मातीचा आम्लपणा उतरतो. दवबिंदू हे रोप किडे खातं कारण जमिनीत नत्र नाही. तिथे सुपीक माती टाकली की गवत त्याला झाकून टाकतं. 2012 साली जागतिक वारसा मिळालेल्या जागेची ही गत.

पिवळी_पायवाट
कॉसमॉसला उगाच बदनाम करताय. सप्टेंबरात सोनकीबरोबर तोच घाट पिवळा करतो, पर्यटक येतात, गावाला चार पैसे मिळतात.

रानहळद
हाच तो घोळ! निम्म्या "सोनकी"च्या फोटोंत कॉसमॉस असतो. सोनकी गुडघ्याएवढी, साधं दातेरी पान. कॉसमॉस कमरेच्या वर जातो, पान चिरलेलं, पाकळ्या रुंद, टोकाला दातेरी, रंग नारिंगीकडे झुकलेला. सोनकी आपल्या सह्याद्रीची, कॉसमॉस मेक्सिकोचा. आणि बी आपोआप आलं असंही नाही, हौशी लोक पावसाच्या तोंडावर मुठीने फेकतात.

पिवळी_पायवाट
फुलझाड लावणं गुन्हा झाला का आता? मधमाश्या येतात त्यावर.

रानहळद
मधमाश्या येतात म्हणजे देशी फुलांवरच्या तेवढ्या कमी होऊ शकतात. बी काळं, टोकदार, कपड्याला आणि गुरांच्या अंगाला चिकटतं. एका पावसाळ्यात टायरच्या चिखलातून पुढच्या वळणावर पोहोचतं. फेकणाऱ्यांनी एकदा तरी उपटायला यावं.

मोरी_नंबर_सात
उपटायचं कसं तेही सांगा, नुसती ओरड नको. ठेकेदार कोयता फिरवतो आणि बिल लावतो.

रानहळद
कॉसमॉस वर्षभरातच मरतो. ऑगस्टअखेर, फुलाआधी ओल्या मातीतून मुळासकट उपटा, सलग तीन पावसाळे. एकदाच करून उपयोग नाही, पडलेलं बी पुढेही उगवतं. रानमोडी कापली तर बुंध्यातून दुप्पट फुटते. ती डिसेंबरात फुलायच्या आधी बुंधा खणून काढा, कारण नंतर बी वाऱ्यावर जातं. गाजर गवत महिना-दीड महिन्यात फुलतं, म्हणून दोन-तीन फेऱ्या लागतात. हातमोजे आणि मास्क घाला, अंगाला खाज सुटते, दमाही उठतो.

पिवळी_पायवाट
गाजर गवतावर भुंगेरे सोडले होते ना?

सडेकर
1984 पासून सोडलेत, पाने खातात, पण पावसातच. 1955 साली पुण्यात पहिल्यांदा दिसलेलं हे गवत अजून घाटमाथ्यावर उभं आहे, एवढ्यावरून काय ते समजा. भुंगेऱ्यांच्या भरवशावर रस्त्याची कामं काढू नका.

मोरी_नंबर_सात
ठीक आहे, निविदेत घालता येईल असं बोला. जेसीबीचं बकेट आणि चाकं पायथ्यालाच धुवायची, हे जमेल. पाण्याचा टँकर साइटवर असतोच. मुरूमही ठरावीक खाणीचा मागता येईल. पण मोऱ्या वाढवल्या की खर्च वाढतो, तो कोण देणार?

सडेकर
सड्यावर मोऱ्यांऐवजी भरावाखाली मोठ्या दगडांचा थर द्या. दगडांमधून पाणी सगळीकडून पाझरेल. वरची माती आधी खरवडून बाजूला ठेवा आणि काम संपल्यावर तीच कडेला पसरा, बाहेरची नको.

मोरी_नंबर_सात
बाजूला ठेवलेली माती पावसात वाहून जाते. उन्हाळ्यातच काम संपलं तर तुमचं पटेल. पण ठेका मार्चला निघतो आणि जूनला पाऊस येतो, तेव्हा ती माती झाकायची कशाने ते सांगा.