तुमचं जिरेनियम बारा महिने कसं टिकलं? (अनुभव धागा)

छत्रपती संभाजीनगर, सिडको

तीन वर्षांत माझी पाच जिरेनियम गेली. सगळी घरातली, खिडकीच्या कट्ट्यावरची. आपल्याकडच्या उन्हाळ्याला सगळे नावं ठेवतात, पण माझी चार झाडं अख्खा मे काढून जुलैत गेली. पाऊस लागला, आभाळ तीन दिवस दाटून राहिलं आणि खोड मातीलगत काळं पडलं. बोटाने दाबलं तर पिचपिचीत. वरची फांदी मात्र हिरवीगार, एकीवर तर कळ्यांचा झुबका होता. तो झुबका बघून मला आशा वाटत राहिली आणि मी मेमधल्यासारखंच रोज पाणी घालत राहिले.

नर्सरीत जिरेनियम म्हणून मिळतं ते झाड खरं तर पेलार्गोनियम, मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. थंड देशांतली माहिती वाचावी तर उन्हाळाभर बहर आणि हिवाळ्यात विश्रांती, असं वेळापत्रक असतं. आपल्याकडे ते उलटं धरावं लागतं. फुलं दिवाळीपासून शिमग्यापर्यंत, मे महिना नुसता जीव धरून राहण्याचा. एवढं मला कळलंय, पुढचं कळत नाही. सहावं झाड आत्ता खिडकीत आहे आणि हे मला घालवायचं नाही.

तुम्ही काय केलंत ते लिहा. खिडकी कुठल्या दिशेची, माती कसली, पाणी कुठलं, कुठल्या महिन्यात काय झालं, एवढं नक्की सांगा. ज्यांची झाडं गेली त्यांनीही लिहावं, त्यांच्याकडूनच जास्त कळेल.

लातूर

ताई, माझा अनुभव २०१६ चा आहे. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. तुळशीला रोज पेलाभर आणि बाकी कुंड्यांना काही नाही, असं सासूबाईंनी ठरवलं. ते बरोबरच होतं. मोगरा वाळला, गुलाब वाळला. जिरेनियमला मी डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी बारा-पंधरा दिवसांनी एक वाटी घालायचे, तेही सगळ्यांचं झाल्यावर.

खालची सगळी पानं पिवळी होऊन गळाली. नुसत्या काटकुळ्या काड्या राहिल्या, टोकाला रुपयाएवढी चार-पाच पानं. मी मनातून सोडूनच दिलं होतं. जूनमध्ये पाऊस आला तेव्हा एक काडी नखाने खरवडून बघितली, आतून हिरवी निघाली! सगळ्या काड्या निम्म्यावर छाटल्या. प्रत्येक पेरातून कोंब फुटले आणि त्या डिसेंबरात अकरा गुच्छ आले.

त्याआधी भरपूर पाणी असताना माझी दोन झाडं कुजली होती. तेव्हापासून वेळापत्रकाने पाणी देणं बंद केलं. कुंडी दोन्ही हातांनी उचलते, हलकी लागली तरच पाणी. पावसाळ्यात कधीकधी वीस दिवस पाण्याची गरज लागत नाही.

जालना

आमची मोसंबीची बाग आहे, त्यामुळे बागायतदाराच्या नजरेने सांगतो. ताई, कुंडीत काळी माती आहे का ते आधी बघा. शेतात सोन्यासारखी असलेली ही माती कुंडीत घात करते. पाणी प्यायली की फुगते आणि मुळांना हवा राहत नाही. वाळली की आकसते, कुंडीच्या कडेने भेग पडते आणि घातलेलं पाणी त्या भेगेतून सरळ ताटलीत उतरतं. मधला गोळा कोरडाच. आपण ताटलीत पाणी बघून समजतो की झाडाला पोचलं. मी आता दोन भाग लाल माती, एक भाग जाड वाळू, एक भाग कोकोपीट आणि मूठभर जुनं, चांगलं कुजलेलं शेणखत घेतो. कुंडी लहानच ठेवतो. मुळांनी कुंडी भरली की हे झाड जास्त फुलतं. मोठ्या कुंडीत माती ओली राहते आणि पानंच वाढतात.

दुसरं पाणी. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. दोन महिन्यांत कुंडीच्या कडेला पांढरा थर चढला आणि नवी पानं पिवळी आली, शिरा तेवढ्या हिरव्या. मोसंबीत आम्ही याला केवडा म्हणतो, त्यामुळे बघताक्षणी ओळखलं. मातीत लोह असतं, पण असं पाणी घालून घालून मातीचा सामू (पीएच) वाढतो आणि मुळांना ते उचलता येत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं, अगदी कमी मात्रेत दोनदा दिलं, त्यानंतरची पानं हिरवी आली. तेव्हापासून एसीच्या नळीतून टपकणारं पाणी बादलीत धरतो, त्यात क्षार जवळपास नसतात. आरओमधून वाया जाणारं पाणी मात्र चुकूनही घालू नका, गाळून उरलेले सगळे क्षार त्यातच असतात.

खताचं म्हणाल तर पहिल्या वर्षी मी थोडा युरिया टाकला होता. पानं तळहाताएवढी झाली आणि फूल एक नाही. आता ठिबकसाठी आणलेलं १३:०:४५ हे पाण्यात विरघळणारं, पालाश जास्त असलेलं खत लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, तेही ऑक्टोबर ते फेब्रुवारीच. उन्हाळ्यात झाड थांबलेलं असतं, तेव्हा खत दिलं की मुळं भाजतात.

छत्रपती संभाजीनगर, सिडको

दादा, माझ्या पाचही कुंड्यांत काळीच माती होती. गावाकडून मुद्दाम पोत्यात भरून आणलेली. सहाव्यातही तीच आहे.

अंबाजोगाई

मी शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. माझा अनुभव थोडा वेगळा आहे आणि तो कळायला मला दोन वर्षं लागली.

पूर्वेच्या खिडकीत नोव्हेंबरात पहिला बहर आला. त्याच आठवड्यात भावाने सीताफळांची पाटी पाठवली. आमच्या बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं, घरात त्यांचं कौतुक मोठं. खिडकीखालीच पिकत घातली. तिसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्यावर पाकळ्यांचा सडा. सुकलेली एकही नव्हती. पाकळ्या ताज्या, रंग तसाच, जणू कुणी झाड धरून हलवलं असावं. देठांवर नुसत्या हिरव्या काड्या उभ्या. मला वाटलं पाणी कमी पडलं. पुढच्या वर्षी तोच महिना, तीच पाटी, तोच सडा. तेव्हा लक्षात आलं की पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो. वर्गात कितीदा शिकवलं होतं मी हे! जिरेनियमच्या पाकळ्या या वायूच्या बाबतीत फार हळव्या असतात. पाटी माजघरात हलवली. त्या बहरातला एक गुच्छ तीन आठवडे टिकला.

फुलं संपलेला गुच्छ कात्रीने अर्धवट कापू नका. काडी जिथे फांदीला जोडलेली असते तिथे धरून बाजूला वाकवावी, कट्‌ आवाज करून स्वच्छ सुटते. अर्धी राहिली तर सडते आणि सड खाली उतरते. पण एकेरी फुलांचं झाड असेल तर एखादा गुच्छ राहू द्या आणि त्याचं फळ बघा. लांब, टोकदार, अगदी पक्ष्याच्या चोचीसारखं. पेलार्गोनियम हे नाव करकोच्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आलं ते यामुळेच. लिनिअस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली ही झाडं जिरेनियममध्येच धरली होती, १७८९ मध्ये लेरितिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांची वेगळी प्रजाती (जीनस) केली. नर्सरीवाल्यांनी जुनं नाव सोडलं नाही, इतकंच.

नांदेड

मॅडम, आमच्याकडं तर अर्धापूरची केळी बारा महिने घरात असतात. तुमचं वाचलं अन् लगेच फणी खिडकीतून उचलून आत नेऊन ठेवली.

माझी चूक कूलरची. झाडाला गार वाटंल म्हणून मी कुंडी कूलरच्या समोर ठेवली होती. पाणी आमचंबी जडच, त्याचे बारीक तुषार बसून पानांवर पांढरे ठिपके पडायले. वारं सारखं लागून पानांच्या कडा वाळायल्या, अन् खाली माती मात्र ओलीच. शेवटी उचलून आतल्या खोलीत पूर्वेच्या खिडकीत ठेवली. तिथं सकाळी नऊपर्यंत ऊन, नंतर नुसता उजेड. पारा ४३-४४ ला गेला तरी झाड राहिलं. फूल एक नाही, पानं लहान, पण राहिलं. एप्रिलात येणाऱ्या कळ्या मी आता खुडूनच टाकतो. त्या उन्हात त्या उमलत नाहीत, अन् झाडाची ताकद जाते ती वेगळीच.

परभणी

दक्षिणेकडची खिडकी लोक टाळतात, आमच्या घरीही आधी ती बंदच असायची. माझी सगळी झाडं आता तिथेच आहेत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत त्या खिडकीत पाच-सहा तास ऊन आत येतं, नेमकं बहराच्या दिवसांत. एप्रिलनंतर सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. मेमध्ये आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस होतो आणि त्यानंतर दोन महिन्यांहून थोडे जास्त दिवस दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात त्याच खिडकीत ऊन शिरत नाही, फक्त भरपूर उजेड. कुंडी कुठे हलवावी लागत नाही. पश्चिमेच्या खिडकीत हेच झाड मी एका आठवड्यात भाजून घेतलं होतं.

माझ्याकडे एक रीगल जातीचं आहे. मोठी फुलं, पाकळीवर गडद जांभळा डाग. या जातीला कळी धरायला काही आठवडे रात्रीची थंडी लागते. परभणीत हिवाळ्यात पारा दहाच्या खाली जातो, म्हणून मी त्या दिवसांत रात्री खिडकी उघडी ठेवते आणि आम्ही गोधड्या घेतो. फेब्रुवारीत ते फुललं की शेजारच्या काकू रोज सकाळी बघायला येतात.

हिंगोली

वेलीसारखं लोंबणारं, आयव्हीच्या पानाचं जिरेनियम आहे माझ्याकडे. ऑगस्टमध्ये पानांच्या खालच्या बाजूला पाणी भरल्यासारखे फोड आले, नंतर ते तपकिरी आणि बुचासारखे खरखरीत झाले. दुकानदाराने बुरशीनाशक दिलं, तीन वेळा फवारलं, फरक शून्य. तो रोगच नव्हता. माती ओली, हवा दमट, उजेड कमी. मुळं पाणी ओढत राहतात, पानांतून ते बाहेर पडत नाही आणि आतल्या पेशी फुटतात. पाणी कमी केलं, दोन कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवलं, पंखा हळू चालू ठेवला. जुनी पानं तशीच राहिली, नवी स्वच्छ आली. पानाखाली तपकिरी भुकटीची गोल कडी दिसली तर मात्र तो तांबेरा. ती पानं तोडून घराबाहेर टाका आणि पानांवर पाणी पडू देऊ नका.

धाराशिव

आमचं गावाकडचं घर माळवदाचं. मेच्या दुपारीसुद्धा आत गारवा, म्हणून उन्हाळ्यात कुंड्या तिकडे नेल्या. जगल्या, पण झरोक्यातून येणारा उजेड पुरला नाही आणि फांद्या वीत-वीत लांब, लुसलुशीत झाल्या. आता मुक्काम ढाळजेत, दाराजवळ.

आणखी एक. गुलाबासारख्या वासाचं जिरेनियम, ज्याची आपल्याकडे काही शेतकरी तेलासाठी लागवड करतात, त्याचं एक रोप मित्राच्या शेतातून आणलं. पान चुरगळलं की खोली भरून जाते. डास पळतात म्हणून आणलं होतं, पण नुसतं खिडकीत ठेवून एकही डास कमी झाला नाही. फुलं बारीक, फिकट गुलाबी. मला वासासाठीच ते आवडतं. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुठलंही जिरेनियम उंचावर ठेवा. आमच्या मांजरीने दोन पानं खाल्ली आणि दिवसभर उलट्या केल्या.

बीड

झाड टिकवायचं म्हणजे त्याची काडी टिकवायची, असं माझी आई म्हणायची. दर ऑक्टोबरात मी काड्या करते. बोटभर लांबीची, न फुललेली शेंड्याची काडी, पेराच्या जरा खाली कापायची. खालची पानं काढायची, कळ्या असतील तर त्याही. मग लगेच लावायची नाही. रात्रभर सावलीत उघडी ठेवायची, कापलेलं टोक सुकू द्यायचं. जास्वंदीला आपण प्लास्टिकची पिशवी घालतो तशी याला घालू नका, कुजतं. जाड वाळूत, थोड्या ओलीवर, उजेडात. तीन-चार आठवड्यांत मुळं. जुलैत खोड काळं पडायला लागलं तरी वरचा शेंडा निरोगी असतो, तेवढा कापून घेतला तर झाड जात नाही. ताई, तुमच्या त्या कळ्यांच्या झुबक्याखाली तीन-चार काड्या होत्या.

छत्रपती संभाजीनगर, सिडको

बीडच्या ताईंचं वाचून काल संध्याकाळी सहावी कुंडी पालथी केली. वरची माती कोरडी, भेगाळलेली, आणि बुडाशी चार बोटं चिखल. कडेची मुळं तपकिरी, ओढली की साल सुटून हातात येत होती. मधली अजून पांढरी आहेत. खराब मुळं कापली, जालन्याच्या दादांनी सांगितलेल्या मिश्रणात, आधीपेक्षा लहान कुंडीत झाड बसवलं. शेंड्याच्या चार काड्या काढून वर्तमानपत्रावर ठेवल्या होत्या. आत्ता सकाळी बघितल्या, कापलेल्या टोकांवर बारीक खपली धरली आहे. वाळू धुऊन ठेवली आहे, स्वयंपाक झाला की लावते. सीताफळं अजून आणलेली नाहीत, आणली की मागच्या खोलीत.