बाबांची नाडी ४८. गोळी बंद करू का? लवकर सांगा

गडबडगुंडा: बाबांना मेटोप्रोलॉल चालू आहे. आठवडाभर चक्कर येतेय, हातपाय गार पडतात. आज मशीनवर नाडी ४८. डॉक्टर सोमवारपर्यंत बाहेरगावी. गोळी बंद केली तर चालेल? हो की नाही एवढंच सांगा, निबंध नको.

ओसरी: वय? किती एमजी? बीपी किती? गोळी दिलीय कशासाठी?

गडबडगुंडा: ७१. २५ एमजी, तीन वर्षं झाली. बीपी ११०/७०. स्टेंट आहे.

ओसरी: स्टेंट आहे हे आत्ता सांगताय! मनाने अजिबात बंद करू नका. एकदम सोडली की नाडी उसळते, छातीत दुखू शकतं, ॲटॅकही येऊ शकतो.

रानवाट: अर्जुनसालीचा काढा सुरू करा. आमच्या आजोबांनी जन्मात गोळी घेतली नाही.

जुना_कंपाउंडर: रानवाट, मागे गुडघेदुखीच्या धाग्यावरही तुमचा काढाच होता. गडबडगुंडा, तीन वर्षं मानवलेली गोळी आताच का बाधली? नवीन काय सुरू झालंय? नाडी मंदावणारी डिल्टियाझेम, वेरापामिल?

गडबडगुंडा: नवीन गोळी एकही नाही. लिहिलं असतं ना.

पिंगा: मला स्टेजवर थरथर सुटते. मैत्रीण प्रोप्रॅनोलॉल घेते, मी घेऊ का?

ओसरी: दमा आहे?

पिंगा: लहानपणी होता. पंप अजून पर्समध्ये असतो.

ओसरी: मग त्या गोळीला हात लावू नकोस. तीही मेटोप्रोलॉलच्याच जातीची, दम्यात श्वासनळ्या आवळतात.

जुना_कंपाउंडर: गोळी नाही, पण थेंब, इंजेक्शन?

गडबडगुंडा: काचबिंदूचे थेंब घालतात, महिना झाला. डोळ्यांचा इथे काय संबंध?

जुना_कंपाउंडर: बाटलीवरचं नाव वाचा.

गडबडगुंडा: टिमोलॉल.

जुना_कंपाउंडर: अहो, तोही मेटोप्रोलॉलसारखा बीटा ब्लॉकरच, म्हणजे नाडी मंदावणारं औषध! डोळ्यातून नाकात उतरतो, तिथून रक्तात. गोळी आणि थेंब मिळून नाडी खाली ओढत असणार. सोमवारची वाट बघू नका. आजच जवळच्या हॉस्पिटलात ईसीजी काढा आणि दोन्ही नावं सांगा. पुढचा डोस द्यायचा का, तेही तिथेच विचारा. थेंबांसाठी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करा, काचबिंदूत तेही मनाने सोडायचे नसतात.

ओसरी: थेंब घातल्यावर नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबायचा, म्हणजे रक्तात कमी जातं. सासूबाईंना तसंच सांगितलंय.

रानवाट: काढ्याने असं होत नाही.

जुना_कंपाउंडर: मालक, जरा गप.

गडबडगुंडा: रिक्षात बसलोय. बाटली खिशात आहे.

नवा_सभासद: नाडी दाखवणारं मशीन कितीला पडलं?