रविवारीच वावरात जाणाऱ्याने झाडं कशी जगवायची? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात मिहानमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. कुही तालुक्यात आमचं चार एकर वावर आहे. काळी माती, विहीर, पाच एचपीची मोटर. बाबांचे गुडघे गेले, सालगडी मिळेना, म्हणून मागच्या मृगात एका एकरात माणवेल बांबू लावला. पाच बाय पाच मीटरवर १६० रोपं. धुऱ्यावर (बांधावर) सागाच्या ८० जड्या (लावणीचे मूळ-खुंट). घराचे हप्ते चालू आहेत, त्यामुळे नोकरी सोडा असं कृपया सांगू नका.

कपाशीला रोज माणूस लागतो, झाडांना लागत नाही, असा माझा हिशेब होता. तिथेच फसलो.

ठिबक टाकलं, मोबाइलवर चालणारा स्टार्टर बसवला. थ्री फेज लाइन कधी दिवसा, कधी रात्री. मीटिंगमध्ये बसून मोटर चालू करायचो आणि स्वतःवरच खूश असायचो. एप्रिलात एका रविवारी गेलो तर रानडुकरांनी नळ्या फोडलेल्या, सगळं पाणी एकाच कोपऱ्यात. मोबाइलवर मात्र आठवडाभर 'मोटर चालू'! ४५ अंशांच्या उन्हात ४१ बांबू वाळले. त्याआधी मार्चमध्ये शेजाऱ्याने धुरा पेटवला, त्यात २६ साग होरपळले. (भांडलो नाही. आमच्या वावराकडे येता-जाता बघणारा तोच एक माणूस आहे.) बाबा म्हणतात, साग उपटू नको, पाऊस पडला की बुडातून फुटतो. नखाने साल खरवडून पाहिली, काहींत खाली हिरवं आहे.

आता मृग तोंडावर आलाय. बाबांचं म्हणणं, बांबूच्या ओळींमध्ये तूर पेर, पीक असलं की माणसाचा पाय वावरात पडतो. मला पटतंय, फक्त रोह्यांची (नीलगायींची) धास्ती आहे. तूर बटईने (पिकाच्या वाट्यावर) देऊन बांबूच्या नळ्या बघायचं काम त्याच माणसाकडे कुणी दिलंय का? वाटा किती ठरवला, आणि कागद केला की तोंडीच?

दुसरं, नळी फुटून दाब पडला की मोटर आपोआप बंद व्हावी, असा सेन्सर मी घरी जोडू शकतो. पण वावरातली वायर उंदीर-खारी शिल्लक ठेवतात का?

बांबूच्या तोडणीची चिंता नाही, २०१७ मध्ये वन कायदा बदलल्यापासून जंगलाबाहेरचा बांबू झाडात मोडत नाही. साग तोडायला मात्र परवानगी लागणार, म्हणून ई-पीक पाहणीत (सातबाऱ्यावर पीक नोंदवायच्या सरकारी ॲपवर) बांधावरची झाडं नोंदवतोय. पण धुरा सामाईक आहे. उद्या शेजारी म्हणाला की अर्धे साग माझे, तर? आत्ताच लिहून घ्यावं का? विषय काढायचीच भीती वाटते.

चंदन नको. त्याला रात्रीही राखण लागते, आणि मी आठवड्यातले सहा दिवस तिथे नसतो.

येत्या रविवारी बांबूच्या नांग्या भरायला (मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायला) जातोय. त्याआधी तुरीचं कुणी सांगितलं तर बियाणं सोबतच नेईन.