मोनाश सेंटर बघून लगेच परत फिरू नका

एकांनी लिहिलंय की फ्रान्समधल्या विलेर-ब्रेतोनो गावाजवळचं मोनाश सेंटर, म्हणजे पहिल्या महायुद्धात लढलेल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांवरचं संग्रहालय, हा नुसता स्क्रीन आणि इअरफोनचा कारभार, मनाला काही भिडत नाही. मला हे अर्धंच पटलं. सेंटर २०१८ चं आहे, फोनवर ॲप घेऊन फिरायचं, ते थोडं जास्तच होतं हे खरं, पण त्याला लागून त्या सैनिकांचं १९३८ चं मूळ स्मारक आहे ना, तिथे वेळ द्या. आपल्या इंडिया गेटवाल्या लुटियन्सचंच काम. भिंतीवर साडेदहा हजारांवर ऑस्ट्रेलियन पोरांची नावं, ज्यांची कबरही सापडली नाही, आणि टॉवरच्या दगडात गोळ्यांनी उडालेले टवके दिसतात ते १९४० चे, म्हणजे स्मारक होऊन दोन वर्षं होत नाहीत तोवर दुसरं युद्ध तिथे येऊन पोचलेलं. हात लावून बघितलं मी, पोटात कालवलं.

आणि गावातल्या शाळेबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? पहिल्या महायुद्धात शाळा पडली, मग ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या शाळकरी मुलांनी पैसे जमवले आणि त्यातून १९२७ मध्ये नवी बांधली. पटांगणात मोठ्या अक्षरात पाटी आहे, ऑस्ट्रेलियाला विसरू नका. त्याच इमारतीत वर छोटं म्युझियम आहे, खालच्या हॉलमध्ये लाकडात कोरलेले ऑस्ट्रेलियातले प्राणी, आणि शाळा अजून भरते! जवळच्या आमियां शहरातून ट्रेनने येता येतं, आधी शाळा बघा, मग स्मारकाकडे जा.