मदत हवी आहे : बॅकहोचा बूम आपोआप खाली बसतो

नमस्कार मंडळी. गोराईत आमच्या वाडीत ट्रॅक्टरला जोडलेला जुना बॅकहो आहे (शेजारीपाजारी त्याला जेसीबीच म्हणतात). बूम (बकेट पेलणारा मोठा हात) वर घेऊन इंजिन बंद केलं की दहा मिनिटांत बकेट जमिनीला टेकतं. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून सील किट (तेल अडवणाऱ्या रिंगांचा संच) आणून बूमच्या हायड्रॉलिक सिलेंडरला, म्हणजे तेलाच्या दाबाने बूम हलवणाऱ्या नळकांड्याला, बसवलं. चार दिवस बरं चाललं, पाचव्या दिवशी सिलेंडरमधून आत-बाहेर सरकणाऱ्या रॉडवरून परत तेल ओघळलं.

रॉडवर तांदळाच्या कणीएवढे गंजाचे खड्डे दिसतात, नखाला लागतात. खाडीची खारी हवा आणि पावसाळाभर रॉड बाहेर राहिलेला, चूक माझीच. त्या खड्ड्यांनीच सीलची कड फाडली असणार. हायड्रॉलिक तेलही दुधाळ झालंय, म्हणजे पाणी गेलंय. ते काढून ६८ ग्रेडचं (तेलाच्या घट्टपणाचा आकडा) नवं भरतोच आहे.

पण बूम बसण्यामागे व्हॉल्वचा स्पूलही (तेलाची वाट उघड-बंद करणारी आतली दांडी) झिजलाय का, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? होज (तेलाचे पाइप) काढून सिलेंडरची तोंडं प्लगने बंद करून बघू का? बूम आधी ठोकळ्यांवर टेकवेन, एवढी अक्कल आहे! आणि रॉडला हार्ड क्रोम (क्रोमचा कडक मुलामा) करून देणारा बोरिवली-दहिसरकडे कोणी? सिलेंडर बोटीतून खाडीपलीकडे न्यायचाय, म्हणून जवळचाच सांगा.