साक्ष द्या, पण काय मिळालं याची नको, काय सोडलंत त्याची

नगरची माहेरवाशीण

सलाम मंडळी.

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी साक्षीसाठी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगण्यासाठी, वेळ ठेवलेला असतो. मागच्या खेपेला तिघं उठले. एकाचं कर्ज मंजूर झालं होतं, एकीच्या मुलाचा कॅनडाचा व्हिसा आला होता, एकाने नवी गाडी घेतली होती आणि चावी पाळकसाहेबांच्या हातात देऊन प्रार्थना करून घेतली. मला तिघांचाही आनंदच वाटला. पण परत येताना रिक्षात माझ्या बारा वर्षांच्या लेकीने विचारलं, "आई, ज्यांना येशूने काही सोडायला सांगितलं ते लोक साक्ष कधी देतात?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा काढतेय. उपदेश नको, वचनांची यादीही नको. प्रभूमागे पूर्ण मनाने चालायचं म्हणून तुमच्या घरातून, पगारातून, बेतातून काय गेलं ते लिहा. पुन्हा हळहळ वाटली असेल तर तीही लिहा.

सुरुवात मी करते. लहानपणी गावच्या चर्चमधला कापणीचा सण आमच्यासाठी नाताळाइतकाच मोठा असायचा. वेदीपुढे बाजरीच्या पेंढ्या, मेथीच्या जुड्या, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासना झाली की तिथेच लिलाव. एक म्हातारी दरवर्षी पदराच्या टोकात बांधून एकच गावरान अंडं आणायची. गाठ सोडायला तिला वेळ लागायचा, बोटं वाकडी झाली होती. ते अंडं मास्तरांनी घ्यायचं, पैसे टाकायचे आणि परत टेबलावर ठेवायचं. मग दुसऱ्याने बोली लावायची. एक अंडं चार-चार वेळा विकलं जायचं. म्हातारी मात्र बोलीकडे बघायचीच नाही. तिचं काम गाठ सोडली तेव्हाच झालेलं असायचं.

चार वर्षांपूर्वी आम्ही पुण्यात तीन खोल्यांच्या घरातून मोठ्या फ्लॅटमध्ये जायचं ठरवलं. बुकिंगही केलं. हप्ता बसणार होता तो भरायला ह्यांना शनिवार-रविवारचं जादा काम घ्यावं लागणार होतं, आणि मला शनिवारी वस्तीतल्या मुलांचा वर्ग बंद करावा लागणार होता. दोन महिने आम्ही हिशेब करत होतो. शेवटी बुकिंग रद्द केलं, भरलेल्या रकमेतली काही बुडाली. त्याच वर्षी नणंदेची वास्तू झाली. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून मी पाणी प्यायले तेव्हा घशात आवंढा आला, हे खरं आहे. वर्ग चालू आहे. सध्या एकोणीस मुलं येतात.

गासची पोर

ताई, वसईतून लिहितेय. आमच्या गावचं चर्च संत गोन्सालो गार्सियाच्या नावाने आहे. त्याचा जन्म वसईतलाच. जपानात त्याचा व्यापार चांगला चालला होता, तो सोडून तो फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर म्हणून गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला इतरांबरोबर क्रुसावर मारलं, १८६२ मध्ये संतपद मिळालं. लहानपणापासून त्याचा सण नवे कपडे घालून साजरा केला, पण "व्यापार सोडला" हे दोन शब्द माझ्या कधी कानात शिरलेच नव्हते.

शिरले ते लग्न ठरलं तेव्हा. आमच्याकडची लग्नं तुम्हाला माहीत असतील. हॉल, बँड, व्हिडिओ, हजारभर माणसांचं जेवण. बाबांनी वाडीतले दोन गुंठे काढायचं ठरवलं, बिल्डर तर कुंपणाशी उभाच असतो. बाबा रात्री ओट्यावर बसून केळीकडे बघत होते, बोलत काहीच नव्हते. मी होणाऱ्या नवऱ्याला फोन केला आणि म्हटलं, आपल्या मिस्साला, चर्चमधल्या लग्नाच्या उपासनेला, माणसं हवीत, हॉल नको. तो लगेच हो म्हणाला. त्याच्या घरच्यांना पटायला सहा आठवडे लागले.

सकाळी मिस्सा, मग वाडीतच मांडव, आत्या-मावश्यांनी रांधलेलं जेवण. मोठ्या आत्याने मात्र वर्षभर आमच्याशी बोलणं टाकलं होतं, तिला वाटलं भावाने समाजात मान खाली घालायला लावली. गेल्या पास्काच्या (ईस्टरच्या) सणाला ती आली, जेवली, काही न बोलता गेली. बाबा अजून त्या दोन गुंठ्यांतली केळी उन्हात घालून सुकेळी करतात. मला डबा पाठवतात.

साधा ओव्हरसियर

नाव लिहीत नाही, कुठल्या कार्यालयात होतो तेही नाही. निवृत्त झालो आहे.

माझं काम मोजमापाचं. रस्त्यावर खडी किती जाडीची पडली ते मोजून मोजमाप पुस्तिकेत लिहायचं, त्यावर सही झाली की ठेकेदाराचं बिल निघतं. सहीला टक्का ठरलेला. तो वरपर्यंत जातो, त्यामुळे तुम्ही घेतला नाहीत तर साखळी अडते. नऊ वर्षं मी घेतला. आणि सगळ्यात जड गोष्ट ही की त्यातून मी दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, चर्चला देत होतो. चर्चच्या पावतीपुस्तकात माझं नाव दरमहा असायचं, पंचांनी मला खजिनदारही केलं.

एका रविवारी बायबलमधल्या जकातदार जक्कयाचा पाठ होता. शेकडो वेळा ऐकलेला. पण त्या दिवशी वाचन करायची पाळी माझी होती. "कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत देतो", या अर्थाची ओळ माझ्याच तोंडून बाहेर पडली आणि पुढचं वाचता येईना. लोकांना वाटलं तब्येत बिघडली.

सोमवारपासून बंद केलं. पुढच्या सहा वर्षांत चार बदल्या झाल्या. मुलाचा इंजिनिअरिंगचा खासगी प्रवेश हातचा गेला, तो डिप्लोमाला गेला. बायकोने एकदाच विचारलं, "चौपट कोणाला देणार? रस्त्याला?" या प्रश्नाने मला फार छळलं. शेवटी ज्या गावाचा रस्ता माझ्या सहीने पहिल्या पावसात वाहून गेला होता, त्या गावच्या शाळेला भविष्यनिर्वाह निधीतून पाण्याची टाकी बांधून दिली. चौपट झाले नाहीत. खजिनदारपद सोडलं, का सोडतोय ते पंचांना सांगून सोडलं. त्या खोलीतली शांतता मी विसरलेलो नाही.

ऊसतोडीची लेक

सगळ्यांचं वाचलं, आदर आहे. पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. गरिबीचं कौतुक करू नका.

माझी आई कोयता घेऊन सहा-सहा महिने फडात असायची. आम्ही पाचटाच्या खोपीत झोपायचो. कारखान्याजवळच्या चर्चमध्ये ती ओल्या लुगड्याने बसायची, कारण दुसरं नव्हतं. तिला कोणी सांगितलं नाही की यात पावित्र्य आहे, आणि कोणी सांगितलं असतं तर मी भांडले असते. माझ्या घरात आज फ्रिज आहे, पोरीला वेगळी खोली आहे. प्रत्येक वस्तूसाठी मी गुडघ्यावर बसून आभार मानलेत. ज्यांच्या पिढ्यांना काही मिळालंच नाही त्यांच्याकडे "काय सोडलं" असं विचारताना जरा जपून विचारा.

सोडलं म्हणाल तर एक आहे. आईची मजुरी ज्या मुकादमाने दोन हंगाम बुडवली, तो म्हातारपणी आमच्याच गल्लीत राहायला आला. त्याच्याकडे बघणारं कोणी नव्हतं. मी त्याचा राग सोडला. दुपारचा डबा वर्षभर देत होते. पैसे सोडणं त्यापुढे मला सोपं वाटतं.

नगरची माहेरवाशीण

ताई, बरं केलंत लिहिलंत. माझ्या प्रश्नात ही चूक होती. ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठीच तो प्रश्न आहे. श्रीमंत तरुणाला येशूने "विकून टाक" म्हटलं, पण भुकेल्यांना मात्र आधी गवतावर बसवून जेवू घातलं. डब्याचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

रात्रपाळी

मिरजेत नर्सिंग केलं. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी तिथे हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासूनची परंपरा, आमच्या सिस्टर फार कडक. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुली आखातात आणि नंतर आयर्लंडला गेल्या. मलाही बोलावणं आलं होतं, कागद झाले होते. त्याच सुमारास डोंगराकडच्या एका छोट्या मिशन दवाखान्यात दोन महिन्यांसाठी बदली म्हणून गेले होते. तिथे रात्री एक बाई खाटेवर घालून आणली, चौघांनी आठ किलोमीटर उचलून. बाळ आडवं होतं. डॉक्टर पोचेपर्यंत मी आणि एक आया एवढ्याच होतो. दोघंही वाचली.

मी गेलेच नाही परत. बावीस वर्षं झाली.

आता खरं सांगते. भावाच्या मुलांच्या फीला मी मदत करू शकले नाही आणि वहिनीने ते बोलून दाखवलं. गुडघे गेलेत. मैत्रिणींच्या घरांचे फोटो येतात तेव्हा मी फोन उलटा ठेवते. पण पहाटे चारला वॉर्डात फेरी मारताना, सगळे झोपलेले असताना, मी खाटेखाटेशी उभी राहून नावानिशी प्रार्थना करते. तेवढा वेळ मला दुसरं काही नको असतं.

खिळेजुळारी

आमच्या पणजीचं लिहितो. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून पंडिता रमाबाईंनी ज्या मुली आणल्या त्यांतली ती एक, केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. पुढे छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायला शिकली. रमाबाईंनी बायबलचं भाषांतर साध्या बाईला कळेल अशा मराठीत केलं, आणि ते जुळवणारे हात या मुलींचे. पणजी सांगायची, बाई मोठ्या विद्वान, सभा गाजवलेल्या, पण अंगावर पांढरं साधं लुगडं आणि आमच्यात बसून काम. पणजी गेली तेव्हा ट्रंकेत दोन लुगडी, चष्मा आणि एक नवा करार निघाला. माझ्या एका कपाटात तिच्या आयुष्यभराहून जास्त कपडे आहेत. ईस्टरआधीच्या गेल्या उपवासकाळापासून मी कपडे घेणं थांबवलंय. एवढंच आहे माझ्याकडे सांगायला.

पाळकाची मुलगी, जालना

मी सोडणारी नाही, माझ्या वडिलांनी सोडलेल्याची झळ लागलेली आहे. तीही बाजू इथे हवी.

वडील शिक्षक होते, पक्की नोकरी. मी सातवीत असताना राजीनामा देऊन पाळक म्हणून सेवेत आले. पगार तीन-तीन महिने यायचा नाही. कधी सकाळी दार उघडलं की उंबऱ्याशी ज्वारीचं गाठोडं असायचं, कोणी ठेवलं कळायचं नाही. वडील म्हणायचे, "बघा, प्रभूने दिलं." आई दळण घेऊन जायची आणि गिरणीत उधारी लिहायला सांगायची. १९१७ साली कवी ना. वा. टिळकांनी मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार ही ख्रिस्तभक्तांची मंडळी सुरू केली हे सगळे अभिमानाने सांगतात. पण टिळक हातातलं देऊन टाकायचे आणि जुळवाजुळव त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना करावी लागायची, तसंच आम्हाला आमच्या घरातच दिसत होतं.

सहलीला मी एकदाही गेले नाही. वडिलांवर माझा राग होता, बरीच वर्षं. ते गेल्यावर त्यांची डायरी उघडली. प्रत्येक तारखेला नावं. अमक्याचा ताप, तमकीचं नवऱ्याशी भांडण, कोणाचा बैल. आणि माझ्या सातवीच्या वर्षीच्या पानांवर, सहलीच्या तारखेला, फक्त माझं नाव. पुढे काही लिहिलेलं नाही. ते पान मी आईला दाखवलं. ती म्हणाली, "त्या दिवशी जेवले नव्हते ते."

राग पूर्ण गेला असं म्हणणार नाही. आता मी दर महिन्याला दोन पाळकांच्या मुलांची फी भरते, सहलीच्या पैशांसकट.

श्रीरामपूरकर

तीन दिवस लिहू की नको करत होतो.

आमचे पणजोबा ख्रिस्ती झाले. गावाने पाणवठा आधीही दिला नव्हता, नंतरही दिला नाही. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंना, पुढे १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना. ख्रिस्ती झाला की कागदावर तुमची जात संपली, वाटेवर ती तशीच. त्यामुळे कित्येक घरांत दाखल्यावर एक आणि रविवारी दुसरं असं चालतं. मी त्यांना दोष देत नाही, पोटाचा आणि पोरांचा प्रश्न आहे. उलट हा कायदाच अन्यायाचा आहे असं माझं ठाम मत आहे.

मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. माझ्या जुन्या दाखल्यावर जुनी जात होती, त्यावर तिचं प्रमाणपत्र निघालं असतं. ओळखीच्या माणसाने अर्ज भरूनही आणला, फक्त सही हवी होती. त्यावर धर्माच्या रकान्यात जे लिहिलं होतं ते मी नाही. रात्रभर तो कागद टेबलावर होता. सकाळी मी नवीन अर्ज आणला आणि स्वतःच्या हाताने "ख्रिश्चन" लिहिलं. खुल्या वर्गातून तिचा नंबर सरकारी कॉलेजला लागला नाही.

रात्रपाळी

दादा, मुलीचं पुढे काय झालं? लिहावंसं वाटलं तरच लिहा.

श्रीरामपूरकर

खासगीत बी.फार्म. करतेय, दुसरं वर्ष. सोसायटीचं कर्ज काढलंय.

त्या दिवशी अर्ज भरताना ती शेजारीच बसली होती. काही बोलली नाही. पेन माझं चालेना, तिने तिचं दिलं. त्या विषयावर ती अजून गप्पच असते, आणि मीही विचारत नाही.