घरी केलेल्या कार्बन रॉडमधून वीज जातच नाही, कुठे चुकतंय?

धुरकट_वात
नमस्कार मंडळी, पाण्याचं विद्युत अपघटन (वीज सोडून पाण्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करणं) करून बघायचंय म्हणून दोन कार्बन रॉड हवे होते, म्हटलं आयते आणण्यापेक्षा स्वतःच करून बघू. लाकडी कोळसा खलात कुटला, वस्त्रगाळ केला, साखरेच्या घट्ट पाकात मळला आणि ८ मिमीच्या नळीत ठासून ठासून कांड्या पाडल्या. आठवडाभर सावलीत वाळवल्या, मग ओव्हनमध्ये २०० डिग्रीला दोन तास ठेवल्या. दिसायला एकदम झकास, काळ्याभोर, टणक, पण मल्टिमीटर लावला तर काहीच नाही, मेगाओहमच्या रेंजवर सुद्धा ओपन दाखवतोय. कोळसा म्हणजे कार्बनच ना, मग वीज का जात नाही? पाक जास्त झाला का? ग्राफाईट पावडर मिसळली तर चालेल का? तीन आठवडे गेलेत यात, म्हणून नीट समजून घ्यायचंय.

भट्टीपाशी
मळण्यात तुमचं काही चुकलेलं नाही, आच कमी पडली. लाकडी कोळसा साधारण ४००-५०० डिग्रीला झालेला असेल तर तो वीज जवळपास अडवतोच, कारण त्यातले कार्बनचे अणू अजून नीट एकमेकांना जोडलेले नसतात, हायड्रोजन आणि ऑक्सिजन मध्ये अडकून बसलेले असतात. ७०० च्या पुढे गेलात की ते निघून जातात आणि रोध धाडकन खाली येतो, ९०० पर्यंत नेलात तर कांडी चांगली चालते. २०० डिग्रीला तर तुमचा पाक फक्त करपलाय, म्हणजे कोळशाच्या प्रत्येक कणाभोवती करपलेल्या साखरेचं वेष्टण आहे. म्हणूनच नुसती ग्राफाईट पावडर घालून भागणार नाही, ती घातली तर फायदा होईल पण भाजावं लागेलच.

कारखान्यातही हेच असतं, फक्त मोठ्या प्रमाणावर. पेट्रोलियम कोक (तेल शुद्धीकरणात उरलेला घट्ट कार्बन) दळून त्यात कोलटारचं पिच (डांबरासारखा चिकट पदार्थ) गरम असताना मळतात, दाबून कांड्या काढतात आणि हवा लागू न देता १००० डिग्रीच्या आसपास हळूहळू भाजतात. त्याचं ग्राफाईट करायचं असेल तर पुढे २५०० ते ३००० डिग्री, आणि ती रीत अमेरिकन संशोधक अ‍ॅचेसनने १८९६ च्या सुमारास पेटंट केली. पिच मात्र घरी वापरू नका, त्याचा धूर फार वाईट, कॅन्सरकारक आहे. तुमचा साखरेचा पाकच बरा, आणि तो काही पोरखेळ नाही, जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुन्सेनने १८४१ मध्ये स्वतःच्या बॅटरीसाठी कोक आणि दगडी कोळशाचं मिश्रण भाजून, ते साखरेच्या पाकात भिजवून परत भाजून कार्बन केला होता.

तर आता असं करा. जाड लोखंडी पाईपचा तुकडा घ्या (जस्ताचा मुलामा असलेला अजिबात नको, त्याची वाफ विषारी), त्यात कांड्या ठेवून चारी बाजूंनी कोळशाची भुकटी ठासा म्हणजे आत शिरलेली हवा आधी भुकटीला खाईल, कांडीला नाही. झाकणाला एक बारीक भोक ठेवाच, आतून भरपूर वायू निघतो, घट्ट बंद केलंत तर पाईप फुटेल. सुरुवातीला आच मंद, कारण साखर विघटन होताना घाई केली की कांडी तडकते. भोकातून येणारा धूर थांबला की भाता लावून पाईप लालच्या पुढे केशरी होईपर्यंत न्या आणि तासभर तिथेच धरा. सगळं उघड्यावर, बंद खोलीत कार्बन मोनॉक्साईडने जीव जाईल. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका, लाल कांडीला हवा लागली की ती जळायला लागते.

प्रयोगवही
वरचं सगळं बरोबर, पण अपघटनच करायचं असेल तर जुन्या साध्या सेलमधली कांडी सगळ्यात सोपी, मी वर्गात कायम तीच वापरते. वर हेवी ड्यूटी लिहिलेला मोठा झिंक-कार्बन सेल घ्यायचा, मधोमध कांडी असते. अल्कलाईन सेल फोडू नका, त्यात कांडी नसतेच, मधे पितळेची बारीक खीळ असते आणि आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साईड कातडी भाजतं. लिथियमचा तर हातही लावायचा नाही, आग लागते. आतली काळी पूड मँगनीज डायऑक्साईडची असते, हातमोजे घाला, नाकातोंडात जाऊ देऊ नका.

अजून एक, पाण्यात मीठ टाकू नका, धनाग्रावर (पॉझिटिव्हला जोडलेल्या कांडीवर) क्लोरीन निघतो. धुण्याचा सोडा टाका.

धुरकट_वात
ताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे एक सेल सोडवला, कांडी मिळाली, मीटर १ ओहमच्या आसपास दाखवतोय. पण पाण्यात सोडली तर पाणी तिला धरतच नाही, थेंब घरंगळतात.

प्रयोगवही
ते मेण आहे. आतलं रसायन कांडीतून वर झिरपू नये म्हणून मेण मुरवलेलं असतं. चिमट्यात धरून ज्योतीवर फिरवा, आधी चकाकी येईल, मग थोडा धूर, तो थांबला की झालं.

ठिणगी
वेल्डिंगवाल्यांकडे गाऊजिंगचे रॉड असतात ते पण चालतील, चांगले लांब मिळतात. आम्ही त्याने जुना वेल्ड खणून काढतो, डीसीवर रॉड पॉझिटिव्हला लावायचा आणि होल्डरमधून हवेचा झोत, आर्कने लोखंड वितळतं आणि हवा ते उडवून लावते. फक्त त्यावर तांब्याचा पातळ थर असतो, तो पॉलिश पेपरने पूर्ण घासून काढा, नाहीतर धनाग्राला आधी तांबंच विरघळेल आणि पाणी निळं-हिरवं होऊन बसेल. दोन रॉड टेकवून आर्क पाडायचा मोह होतो पण वेल्डिंगच्या काचेशिवाय अजिबात नाही, डोळ्यात रात्री वाळू भरल्यासारखं होतं, मी भोगलंय ते.

धुरकट_वात
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी अंगणात भट्टी लावली, पाच कांड्यांपैकी दोन तडकल्या, तीन उतरल्या. मेगाओहमवरून थेट ३८ ओहम! मग परत पातळ पाकात रात्रभर भिजवून, वाळवून दुसऱ्यांदा भाजल्या तर ११ ओहम. एक प्रश्न राहिला, सेलची कांडी लावून तासभर चालवलं तर धनाग्राकडचं पाणी काळपट झालं, ऋणाग्राची (निगेटिव्हची) कांडी जशीच्या तशी आहे.

भट्टीपाशी
तसंच होणार. तिथे ऑक्सिजन निघतो, तो कार्बनला खातो, थोडा कार्बन डायऑक्साईड होऊन जातो आणि सुटलेले कण पाण्यात उतरतात. अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात तर कार्बनचे धनाग्र असेच झिजतात, ठराविक दिवसांनी बदलावेच लागतात. करंट कमी ठेवा, कांडी जास्त टिकेल. आणि तुमची ११ ओहमवाली आधी ऋणाग्राला लावून बघा, सच्छिद्र असल्यामुळे धनाग्राला ती लवकर ढासळेल. तिसऱ्यांदा भिजवून भाजलीत तर आकडा इथे टाका.